व्याह्यांचं स्टूल

माणसाने म्हातारपणी काय वाटेल ते करावं. बागेतल्या बाकावर बसून सरकार पाडावं, सुनेला चहा कसा करतात ते शिकवावं, दात नसताना शेंगदाणे मागावेत. पण व्याह्याच्या दुकानात नोकरी धरू नये. हे मी अनुभवाने सांगत नाही. तो अनुभव येऊ नये म्हणून मी जे काही केलं, त्याच्या अनुभवाने सांगतो आहे.

पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी जन्मभर पाती पाजळली. पुठ्ठा कापणाऱ्या यंत्राचं पातं बोथट झालं की माल कुरतडल्यासारखा निघतो, म्हणून दिवसभर धार लावणारा एक माणूस तिथे लागतोच. तो मी. निवृत्त झालो तेव्हा पायाने फिरवायचं एक जुनं चाक भंगारातून मागून घेतलं आणि घरी आणलं. ते जिन्यावरून चढवताना हमालांनी माझ्या पूर्वजांची आठवण काढली. चाक गॅलरीत बसलं, त्याच्याशेजारी मी बसलो, आणि घरातली कात्री, सुरी, अडकित्ता, नेलकटर, सगळ्यांना धार लावून झाल्यावर मी उलथन्याकडे बघू लागलो. तेव्हा आमच्या हिने चिरंजिवांना बोलावून सांगितलं, "यांचं काहीतरी करा."

चिरंजिवांनी जे केलं ते म्हणजे पुढच्याच रविवारी आमचे व्याही घरी आले.

व्याह्यांचं कापडाचं दुकान आहे. माणूस गोड. इतका गोड की त्यांच्याशी बोलून झाल्यावर पाणी प्यावंसं वाटतं.

"तुम्ही काही म्हणता काही करायचं नाही," व्याही म्हणाले. "नुसतं दाराशी बसायचं. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, तेवढं बघायचं."

"म्हणजे राखण?"

"छे छे! राखण काय म्हणता! देखरेख."

"घरी बसून तरी काय करता, बाबा?" चिरंजीव म्हणाले. सूनबाई चहाच्या कपात बघत राहिली. वडील एकीकडे, सासरा दुसरीकडे. शहाणी मुलगी आहे.

"तुमच्यासाठी सुताराकडे स्टूलसुद्धा सांगितलंय," व्याही म्हणाले. "मऊ गादीचं."

"पाठ टेकायला?"

"पाठ असली की ती खुर्ची झाली," व्याही हसले. "आणि दुकानात खुर्ची एकच असते. मालकाची."

ते सहज बोलले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या मनात ते जे जाऊन बसलं, ते थेट खुर्चीत बसलं. मी म्हणालो, "मला जमणार नाही. मी स्वतःचा धंदा सुरू करतोय."

ही बातमी इतरांइतकीच मलाही नवी होती.

"कसला?" हिने विचारलं.

"धार लावण्याचा. रीतसर. नोंदणी करून."

व्याह्यांनी माझा हात हातात घेतला. "करा, करा! आनंद आहे. महिनाअखेरपर्यंत जमलं तर आम्ही हार घेऊन येऊ. नाही जमलं तर स्टूल तयार आहे. कबूल?"

सगळ्यांसमोर मी "कबूल" म्हणून बसलो. शब्द आणि पातं, दोन्ही हातातून सुटलं की धरायला जाऊ नये.

नोंदणीचं मी तोंडातून काढलं खरं, पण ती कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं. आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळंच माहीत असतं. इमारतीत त्यांना सर्वज्ञ म्हणतात. त्यांना वाटतं कौतुकाने म्हणतात.

"नोंदणीशिवाय चाकाला पाय लावायचा नाही," सर्वज्ञ म्हणाले. "उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?"

"कुणीही."

या 'कुणीही'ला मी जन्मभर घाबरत आलो आहे. त्याला अजून पाहिलेलं नाही, पण आमच्या घरातले निम्मे निर्णय तोच घेतो.

"आणि दुसरं," सर्वज्ञ म्हणाले, "गिऱ्हाइकाला आधी चटक लावायची. पहिली धार फुकट. सगळ्या इमारतीच्या सुऱ्या गोळा करा. लोक दुसऱ्यांदा पैसे घेऊन पळत येतात की नाही बघा."

लोक पळत आले. ते पुढे सांगतो.

कचेरीतल्या खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कर्मचारी?"

"मी."

"तुम्ही मालक. कर्मचारी कोण?"

"काम मीच करणार."

"मग मालक कोण?"

"तोही मीच."

बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मग आजारी पडलात तर रजा कुणाकडे मागणार?"

याचा मी खरंच विचार केला नव्हता. कारखान्यात साहेब होता, त्याला शिव्या देता येत. आता शिव्या दिल्या तरी मलाच ऐकाव्या लागणार. मी म्हणालो, "आजारी पडणार नाही." त्यांनी 'एकटे' असं लिहिलं आणि व्यवसायांची यादी काढली. तिच्यात धार लावणे नव्हतं. शिंपी होता, न्हावी होता, घोड्यांना नाल ठोकणारासुद्धा होता; आमच्या शहरात घोडा बघून मला कित्येक वर्षं झाली.

"सुरी म्हणजे शस्त्र," बाई म्हणाल्या. "शस्त्रांत टाकते. पोलीस ठाण्यातून दाखला आणा."

ठाण्यावर जमादार वर्तमानपत्राचं कोडं सोडवत होते. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "काका, कुणाला मारायचंय का?"

"नाही हो. लोकांना कांदा कापायचाय."

"मग इथे कशाला आलात?"

"तेच लिहून द्या ना. की यांचा इथे काही संबंध नाही."

"ज्यांचा संबंध नाही त्यांना आम्ही दाखले देऊ लागलो, तर सगळं शहर रांगेत उभं राहील," जमादार म्हणाले. हे मात्र बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचा संताप वेगळाच असतो.

परत खिडकीशी. बाई म्हणाल्या, "मग 'इतर'मध्ये टाकते. 'इतर'ला दाखला लागत नाही. तपासनीस घरी येऊन जागा बघतात आणि तिथल्या तिथे मंजुरी देतात."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही शस्त्रांत होतात."

मी निघालो तसं त्यांनी पुन्हा हाक मारली. "घर कुणाच्या नावावर आहे? घरमालकाची परवानगी जोडा."

घर आमच्या हिच्या नावावर आहे. घर घेतलं तेव्हा तिला सही येत होती आणि मला येत नव्हती. कागदांवर इतक्या ठिकाणी अंगठा कोण उठवत बसणार, म्हणून दलालानेच सुचवलं की वहिनींच्या नावाने करा. पुढे मोठेपणी मी अक्षरं शिकलो, सही शिकलो, पण घर काही कुणी परत लिहून दिलं नाही. आता त्या घराच्या मालकिणीसमोर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"परवानगी हवीय?" ही म्हणाली. "बसा. लिहिते."

तिने लिहिलं की भाडेकरूने, म्हणजे मी, फक्त गॅलरी वापरावी. वाळत घातलेल्या कपड्यांवर लोखंडाची पूड उडू नये. दुपारी ती झोपली असताना चाक फिरू नये. गिऱ्हाइकांनी चपला जिन्यात काढाव्यात. आणि भांडण झाल्यास परवानगी त्याच क्षणी रद्द.

"भांडण कुणामुळे झालं हे बघायचं नाही?"

"ते मी बघीन ना," ही म्हणाली. "घरमालक मी आहे."

एवढं झाल्यावर तपासनिसांची तारीख मिळाली. तीही महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवसाची. म्हणजे त्या दिवशी मंजुरी, नाहीतर दुसऱ्या दिवशी स्टूल. मध्ये मोकळा वेळ होता, आणि मोकळ्या वेळात माणूस शेजाऱ्यांचे सल्ले अमलात आणतो. मी इमारतीतल्या सुऱ्या गोळा केल्या.

त्या सुऱ्या बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या सुरीने डबे उघडले जात होते. सेक्रेटरींच्या सुरीने स्क्रू पिळला जात होता. सर्वज्ञांच्या सुरीला पात्याच्या दोन्ही बाजूंना पाठच होती. मी मन लावून बसलो. चाकावर जाड धार काढली, दगडावर बारीक काढली, मग जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर फिरवून कागद हवेत धरला आणि कापून पाहिला. कागदाला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी एकेक सुरी फडक्यात गुंडाळून ज्याच्या त्याच्या घरी पोचती केली आणि समाधानाने झोपलो.

सकाळी पहिली किंकाळी वरच्या मजल्यावरून आली. दुसरी खालून. नाश्त्याच्या वेळेपर्यंत किंकाळ्यांचा मेळ बसला. काकू बोट ओढणीत धरून जिना उतरत होत्या. मागून सेक्रेटरींची बायको, हात वर करून, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखी. तळमजल्यावर दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांकडे इतकी गर्दी साथीतसुद्धा कधी झाली नव्हती.

झालं होतं काय, की या लोकांना धारेची सवयच नव्हती. बोथट सुरीला माणूस दाबतो, रेटतो, तिच्यावर ओणवा होतो, भोपळ्याशी कुस्ती खेळल्यासारखा भिडतो. वर्षानुवर्षं ते तेवढाच जोर लावत आले होते, आणि मी रातोरात सुरी बदलली होती. सुरी टोमॅटोतून गेली, बोटातून गेली, आणि फळीत जाऊन उभी राहिली.

सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "ही माझी बायको. हे तिचं बोट. ही पट्टी. बोला!"

"अहो, धार लावून दिली म्हणून भांडता?"

"धार लावा हो, पण एवढी? धार कशी बेताची लावावी."

बेताची! जन्मभर मी ज्या कामाची लाज राखली त्याला हा माणूस बेताचं करायला सांगत होता. गवयाला कुणी सांगतं का, की बेताचं सुरात गा?

काकू तर सुरी घेऊनच आल्या. "आमची होती तशी करून द्या."

"बोथट?"

"बोथट म्हणा, काही म्हणा. आमची अंगवळणी पडलेली होती."

"काकू, जोर लावू नका, एवढंच. हलक्या हाताने धरा. सुरीला तिचं काम करू द्या."

"तिने सगळं काम केलं तर मी काय करू?"

मी घरोघर हिंडून सुरी धरायला शिकवू लागलो. पैसे घेऊन पळत येणारी गिऱ्हाइकं राहिली बाजूला, मला बघून लोक दारं लावायला लागले. सर्वज्ञ स्वतः बोटाला पट्टी बांधून दारात उभे होते. म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, चटक लावू नका म्हणून." एकटे डॉक्टर खूश होते. "काका, पाटी लावाल तेव्हा माझ्या पाटीशेजारीच लावा," म्हणाले. मी हा विनोद समजून हसलो. त्यांनी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

तपासनीस यायच्या दिवशी मी दाढी केली, गॅलरी झाडली, खुर्ची पुसली. चाक फिरवायला मी जेवणाच्या टेबलाची जुनी खुर्ची घेतली होती, पाठीची. दार वाजलं म्हणून उघडलं, तर व्याही. आणि त्यांच्यामागे हमालाच्या डोक्यावर स्टूल.

"म्हटलं, कसं झालं बघावं," व्याही म्हणाले. "हारवाला रस्त्यात भेटला नाही. स्टूल मात्र तयार होतं."

गादी हिरवी होती. तिला गोंडे होते.

त्यांच्या पाठोपाठ तपासनीस आले, आणि तपासनिसांच्या पाठोपाठ सेक्रेटरी आणि पट्ट्या बांधलेली अर्धी इमारत. तपासनीस तरुण होते, कडक इस्त्रीचे. त्यांनी चाक पाहिलं, खिडकी पाहिली, हिचं परवानगीपत्र वाचताना मात्र जरा थांबून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मग पट्ट्या बांधलेली बोटं मोजत लोकांना विचारलं, "तक्रार काय आहे?"

"धार," सेक्रेटरी म्हणाले.

"लागत नाही?"

"लागते! फार लागते!"

"म्हणजे काम चांगलं करतात?"

"फारच चांगलं करतात. तीच तक्रार आहे."

तपासनिसांनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. या उत्तरासाठी त्यांच्या कागदावर रकाना नसावा.

एवढ्यात काकू पुढे आल्या. मी डोळे मिटले.

"माझी काही तक्रार नाही," काकू म्हणाल्या. "सुरुवातीला कापलं, खरंय. पण आता हात बसला. काल टोमॅटोच्या अशा चकत्या पडल्या, यांना दाखवायला बोलावलं मी. आता कुणी माझी सुरी बोथट करायला आलं तर त्याची खैर नाही." आणि त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींच्या बायकोनेही सेक्रेटरींकडेच पाहिलं. सेक्रेटरींनी छताकडे पाहिलं.

"एवढी काय ती धार, बघू तरी," तपासनीस म्हणाले आणि नमुन्यासाठी ठेवलेली सुरी उचलून त्यांनी तिच्यावर अंगठा फिरवला.

"साहेब, अंगठा नका..."

डॉक्टरांना बोलवावं लागलं नाही. ते पेटी घेऊन जिन्यातच उभे होते. उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मिळून त्यांनी अशी पट्टी बांधली की हाताचा दुधी भोपळा झाला. तपासनीस पांढरे पडले होते, पण माणूस प्रामाणिक. म्हणाले, "काम उत्तम आहे. माझी मंजुरी आहे. पण सही कशी करू? पेन धरता येत नाही. जखम भरली की येतो."

"कधी भरेल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तुमच्या धारेवर अवलंबून आहे," डॉक्टर म्हणाले. "आठवडा तरी."

व्याह्यांनी घसा साफ केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला मग. आठवडाभर बसून तर बघा. एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही."

हीच तर भीती होती. कचेरी पालथी घातली, शस्त्रांत जाऊन आलो, बायकोचा भाडेकरू झालो, सगळ्या इमारतीचं रक्त सांडलं, आणि शेवटी एका अंगठ्यासाठी हिरव्या गादीवर! मी तपासनिसांच्या हातातला कागद घेतला. अक्षरं उशिरा आली की माणूस ती सावकाश वाचतो आणि एकही वाया घालवत नाही. बाकीचे लोक छापील ओळी सोडून देतात. मी वरपासून तळापर्यंत बोट फिरवत गेलो. अगदी खाली, बारीक अक्षरांत, छापलं होतं: अधिकाऱ्याची सही किंवा अंगठा.

"साहेब," मी म्हणालो, "डावा शाबूत आहे."

"म्हणजे?"

मी ओळ दाखवली. तपासनिसांनी ती वाचली. पांढरे होते ते लाल झाले. "अहो, मी पदवीधर आहे!"

"असू दे, साहेब. मनाला लावून घेऊ नका. अर्धं आयुष्य मीही अंगठाच दिला." मी हिला हाक मारली, "ती शाईची डबी आण गं," आणि तपासनिसांचा डावा अंगठा हातात धरला. "असा आडवा टेकवायचा, मग वळवायचा. दाबू नका. आणि शाई बेताची घ्या, नाहीतर फिसकटतं."

तपासनिसांनी अंगठा दिला. सुरेख उठला, रेघन् रेघ. मी त्यांना पुसायला फडकं दिलं. ते जिना उतरताना डावा हात खिशात घालून गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मी मालक झालो होतो, कर्मचारी झालो होतो, डॉक्टरांच्या खिळ्यावर पाटी लागली होती. व्याह्यांनी माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "आता हे परत कुठे न्यायचं? असू द्या गिऱ्हाइकांना बसायला." स्टूल गॅलरीत राहिलं.

दोन दिवसांनी व्याही दुकानातली कात्री घेऊन आले आणि स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशी दुसरी कात्री घेऊन आले. मग कात्र्या संपल्या, तरी आले. सूनबाईने मला हळूच सांगितलं, की हल्ली दुकान तिचा भाऊच बघतो, आणि खुर्चीतही तोच बसतो.

मग मी काय बोलणार? व्याही सकाळी येतात, स्टुलावर बसतात आणि कठड्यातून खाली बघत बातम्या देतात. "काकू बाहेर पडल्या. सेक्रेटरी आत आले. कुणीतरी पिशवी घेऊन येतंय, तुमच्याकडे नाही, दवाखान्यात." मला धार ऐकून लावावी लागते, चाकावर पात्याचा आवाज बदलला की थांबायचं असतं. त्या आवाजात हे सेक्रेटरी मिसळतात. दुपारी चाक बंद असतं तेव्हाही व्याही बोलतात. आमची ही जागी होते, आणि परवानगी माझी धोक्यात येते.

परवा मला राहवेना. म्हटलं, "व्याही, तुम्ही घरी आराम का नाही करत?"

"घरी बसून तरी काय करू?" ते म्हणाले. मग कंबरेवर हात ठेवून जरा हलले. "स्टूल तसं बरंय. पाठ तेवढी धरते."

"पाठ टेकायची म्हणजे खुर्ची हवी," मी म्हणालो. या वाक्याची मी महिनाभर वाट बघत होतो. "आणि दुकानात खुर्ची एकच असते. मालकाची."

पडद्यामागून ही चहा घेऊन बाहेर आली. "बरोबर आहे. आणि मालक मी आहे," ती म्हणाली. "उठा तुम्ही. त्यांची पाठ दुखतेय, दिसत नाही? घरी आलेल्या व्याह्यांना कुणी स्टुलावर बसवतं का?"

भांडण करायची सोय नव्हती. मी उठलो. व्याही नको नको म्हणत माझ्या खुर्चीत बसले, पाठ टेकली, सुस्कारा सोडला. मी स्टूल चाकाशी ओढलं आणि त्यावर बसून काकूंची कात्री उचलली.

"काय," व्याह्यांनी विचारलं, "मऊ आहे ना गादी?"

"मऊ आहे," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?